प्रिझममधून रंग येत नाहीत? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की फोंड्याजवळच्या आमच्या शाळेत पहिली तक्रार ठरलेली: "टीचर, प्रिझम बिघडला, रंगच येत नाहीत." प्रिझम सहसा बिघडत नाही. चुकलेली असते ती मांडणी.

सगळ्यात मोठी चूक रुंद झोताची. आमच्या कौलारू वर्गात काचेच्या कौलातून उन्हाचा कवडसा उतरतो. मुलांनी तो तसाच प्रिझमवर घेतला आणि हातभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर उमटला पांढराच डाग. एका कडेला तांबूस-पिवळी झाक, दुसऱ्या कडेला निळसर. साध्या काचेच्या ६० अंशांच्या प्रिझममधून बाहेर पडणाऱ्या लाल आणि जांभळ्या किरणांच्या दिशांत साधारण दीड अंशाचाच फरक असतो. अर्ध्या मीटरवर तो दीड सेंटिमीटरही भरत नाही. झोतच तीन सेंटिमीटर रुंद असेल, तर मधले रंग एकमेकांवर पडून पुन्हा पांढरे होतात. म्हणून काळ्या पुठ्ठ्याला ब्लेडने दोन-तीन मिलिमीटरची फट पाडा, ती प्रिझमच्या कडेला समांतर ठेवा, खोलीत अंधार करा आणि पडदा तीन मीटर लांब न्या. पट्टा आठ सेंटिमीटरपर्यंत पसरतो. १६७२ साली छापलेल्या निबंधात न्यूटनने दिलेली मापंही अशीच: भोक पाव इंचाचं, भिंत २२ फुटांवर, आणि पट्टा रुंदीच्या पाचपट लांब.

दुसरी चूक, पडदा झोताच्या सरळ रेषेत ठेवणं. रंग तिथे पडतच नाहीत. ते सुमारे ३९ अंश बाजूला, प्रिझमच्या पायाकडे वळतात. प्रिझम सावकाश फिरवा. पट्टा एका दिशेने सरकत जातो, क्षणभर थबकतो आणि उलटा फिरतो. थबकतो तिथेच प्रिझम ठेवा. आणि प्रिझममधून सूर्याकडे कधीही पाहू नका, मुलांना तर हे दहादा सांगा.

उत्तरपत्रिकेत दरवर्षी येणारं वाक्य: "प्रिझम रंग तयार करतो." नाही. रंग उन्हातच असतात, काच त्यांना कमी-अधिक वाकवते. न्यूटनने एकच रंग दुसऱ्या प्रिझममधून नेला, त्यातून नवा रंग निघाला नाही.

वस्तूंच्या रंगांत गोंधळ याहून जास्त. जास्वंद लाल दिसते कारण ती निळा-हिरवा प्रकाश शोषते आणि लाल परत पाठवते. टॉर्चला हिरवा जिलेटीन कागद लावून अंधारात जास्वंदीवर धरा. पाकळ्या काळपट पडतात, देठ मात्र उजळ राहतो. इथे चूक होते ती कागदाच्या एकाच थराची. त्यातून लाल प्रकाश निसटतो आणि फूल तांबूसच दिसतं. तीन-चार थर लावा. पिवळा झेंडू फक्त पिवळा प्रकाश परत पाठवतो, हेही खरं नाही. तो लाल आणि हिरवाही पाठवतो, म्हणून लाल टॉर्चखाली तो चक्क लाल दिसतो. माझ्या मते वर्गात दाखवायला याच्यासारखा दुसरा प्रयोग नाही.

हीच गोष्ट म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उपयोगी पडते. दुकानातल्या दिव्याखाली साडीला अगदी जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर वेगळा वाटतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग ठळक, निळा-हिरवा आणि गडद लाल कमी. दोन रंगद्रव्यं एका दिव्याखाली सारखी दिसतात, उन्हात वेगळी पडतात. कापड दुकानाच्या दारात, दिवसाउजेडी जुळवून घ्या.

इंद्रधनुष्य शोधायला मुलं भर दुपारी अंगणात जातात, तेही चुकतं. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला, तर सपाट जमिनीवरून आकाशात ते दिसत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात साधारण सकाळी नऊच्या आधी किंवा दुपारी चारनंतर, सूर्याकडे पाठ करून, समोरच्या सरीकडे बघा.