सही-शिक्क्याआधी एकदा मोठ्याने वाचा

ग्रामपंचायतीतून किंवा सेवा सहकारी सोसायटीतून तहसील कार्यालयाकडे जाणारे पत्र लिहून झाल्याबरोबर सही-शिक्क्यासाठी पुढे सरकवू नये. थोडे थांबून ते मोठ्याने वाचावे, कारण डोळ्यांतून सुटलेली चूक कानाला बोचते. अतिवृष्टीनंतरच्या एका मसुद्यातील वाक्य असे होते: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की, शेतकऱ्यांच्या पिकांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे निदर्शनास आलेले आहे.’ इतक्या शब्दांत गाव नाही, पीक नाही, तारीखही नाही. त्या जागी ‘19 जुलैच्या पावसाने नाल्याकाठच्या 12 शेतकऱ्यांची 9 हेक्टर 60 आर क्षेत्रातील कापूस व तूर पाण्याखाली गेली, पंचनामा व्हावा’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळते.

आकड्यांसाठी मात्र वेगळे वाचन हवे, आणि तेही सातबारा शेजारी ठेवून. 1 हेक्टर म्हणजे 100 आर, त्यामुळे 0.40 चे चुकून 4.0 झाले, तर एका एकराचे जवळपास दहा एकर होतात आणि अर्ज त्रुटीत निघतो. बोलताना आपण पऱ्हाटी म्हणतो, ते गोडच वाटते, पण पत्रात विम्याच्या पावतीवरचाच शब्द, म्हणजे कापूस, लिहावा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जेथे स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असेल, तेथे नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते, म्हणून अशा वेळी भाषा सजवत बसू नये. गट क्रमांक, पीक आणि तारीख तपासून सूचना आधी पाठवावी.