‘लेंड’ वापरताय? या चुका टाळा

‘इंग्रजीतलं लेंड म्हणजे उधार’ एवढं पाठ करून मुलं शिकवणीला येतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे उधार देतातही, घेतातही. लेंड फक्त देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं बॉरो. तरी दर बॅचला कुणीतरी विचारतंच, ‘कॅन आय लेंड युअर पेन?’ म्हणजे पेन तुझं आणि ते तिसऱ्याला द्यायला हा निघाला! मी नियम घोकून घेत नाही. पेन कुणाचं, एवढंच विचारतो. ज्याचं पेन तो वाक्याचा कर्ता असेल तर लेंड: ‘कॅन यू लेंड मी युअर पेन?’ मागणारा कर्ता असेल तर बॉरो: ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ कुणाकडून ते सांगायचं तर बॉरोला ‘फ्रॉम’ लागतो. ‘शी लेंट हर अम्ब्रेला टू मी’ यात ‘टू’ हवा. माणूस आधी आला की ‘टू’ जातो, ‘शी लेंट मी हर अम्ब्रेला’. ही दोन वाक्यं दहादा मोठ्याने म्हणा. कंटाळा येतो, येऊ दे.

दुसरी चूक थेट खिशाला बसते. तारकर्लीकडे एका जुन्या विद्यार्थ्याने होमस्टे काढला. मोबाइलने दाखवलेला पहिलाच शब्द उचलून निळ्या ऑइलपेंटने पाटी रंगवली, ‘वी लेंड बायसिकल्स’. एक परदेशी जोडपं देवबागपर्यंत दिवसभर फिरून आलं, चेनमध्ये वाळू भरलेल्या सायकली माडाला टेकवल्या आणि ‘थँक यू’ म्हणून खोलीकडे निघालं. भाडं मागितल्यावर त्यांनी पाटीकडे बोट केलं. लगेच मला फोन: “सर, मी सायकल देतंय मां? मग लेंडच झाला ना?” नाही झालं. वस्तू लेंड केली म्हणजे ती परतीच्या बोलीवर, पण फुकट दिली. भाडं घेणार असाल तर रेंट, किंवा ब्रिटिश वळणाने हायर. पैशाचा न्याय वेगळा: बँक व्याज लावते तरी ती लेंडच करते. आता पाटीवर ‘बायसिकल्स फॉर हायर’ आहे. खाली दर लिही म्हटलं तर अजून लाजतो.

बाकीचं थोडक्यात. ‘लेंडेड’ नावाचं रूप नाही. लेंड, लेंट, लेंट. ‘लोन’ हे क्रियापद अमेरिकेत सर्रास चालतं, ब्रिटिश लोक औपचारिक लिखाणात लेंड पसंत करतात. मी तर लेंडच लिहून घेतो. मदतीला हात द्यायचा तो मात्र दोन्हीकडे ‘लेंड अ हँड’, तिथे लोन घुसवू नका.

‘लेंड इटसेल्फ टू’ दिसलं की देणं-घेणं विसरा. आपली जमीन हापूसला मानवते, ते इंग्रजीत ‘द सॉइल लेंड्स इटसेल्फ टू मँगो ग्रोइंग’. घाईची मंडळी इथेही ‘जमीन उधार देते’ असं भाषांतर करून मोकळी होतात.

आणि मोठ्या एलने ‘लेंट’ लिहिलं तर तो ईस्टरआधीचा उपासाचा काळ. मोबाइल आपणहून अक्षर मोठं करतो, तेवढं पाठवण्याआधी बघा.