गप्प बसून हसवायचं असेल तर

गॅदरिंगचे दिवस आले की जिंतूर, सेलू, मानवतहून फोन सुरू होतात. "बाई, दहा मिनिटांची विनोदी श्रुतिका बसवायची, काही सांगा की." मी अकरा वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, नंतर शाळेत मराठी शिकवलं. दरवेळी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

लिहायला बसायच्या आधी जॅक बेनी ऐका. अमेरिकेतला हा विनोदी नट 1894 साली शिकागोत जन्मला. खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. लहानपणी व्हायोलिन शिकला आणि 17 व्या वर्षापासून तिकडच्या नाच-गाणी-नकलांच्या रंगमंचावर, म्हणजे वॉदविलमध्ये, वाजवू लागला. 1932 साली रेडिओवर आला आणि 1955 पर्यंत तिथं राहिला. त्याचे शेकडो कार्यक्रम इंटरनेट अर्काईव्ह या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. इंग्रजी समजत नाही म्हणून लेकरं बिचकतात. बिचकू नका. पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि तो कुठं गप्प बसतो, किती बसतो, ते वहीत लिहा.

28 मार्च 1948 चा भाग तर ऐकाच. बेनी शेजारी राहणाऱ्या रोनाल्ड कोलमन या नटाचं ऑस्कर उसनं घेऊन रात्री पायी घरी निघालाय. वाटेत चोर अडवतो आणि म्हणतो, पैसे दे नाहीतर जीव दे. बेनी गप्प. चोर खवळून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी म्हणतो, विचार करतोय ना! आपल्याला वाटतं लोक या उत्तराला हसले. नीट ऐका, लोक उत्तराच्या आधीच, त्या गप्प जागेत हसायला लागलेत. कारण बेनीचं रेडिओवरचं पात्र चिक्कू आहे हे वर्षानुवर्षं ऐकून प्रत्येकाला पाठ झालं होतं. त्याच्या मनात काय चाललंय ते ऐकणाऱ्यानं स्वतःच भरून घेतलं. (खरा बेनी अगदी उलटा होता. वाद्यवृंदांसाठी निधी जमवायला तो व्हायोलिन घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचा. मला हा माणूस त्यामुळे जास्तच आवडतो.)

आता तुमच्याकडे वर्षं नाहीत, दहा मिनिटं आहेत. म्हणून मुख्य पात्राला एकच खोड द्या आणि पहिल्या चार मिनिटांत ती तीनदा दाखवा. आमचे बळीअण्णा असेच तयार झाले. एसटीत कंडक्टरला म्हणतात, "जिंतूरला जायचंय, पण तिकीट बोरीपर्यंतच द्या, पुढचं चालत जातो." लग्नात आहेराचं पाकीट देतात आणि पैसे काढून घेतल्यावर पाकीट परत मागतात. पाहुणे बसले की दिवा मालवतात, बोलायला उजेड कशाला लागतो म्हणतात. चौथी गंमत घालायचा मोह होतो, घालू नका. त्यापेक्षा अण्णांना विहिरीत पाडा.

नामा : अण्णा, दोर सोडलाय, धरा!
(अण्णा गप्प.)
नामा : अवं अण्णा, ऐकू येतंय का?
अण्णा : येतंय की. दोर कुणाचा हाय, तुझा का माझा?

सगळी श्रुतिका या एका जागेवर उभी आहे, म्हणून तालमीचा निम्मा वेळ इथंच घाला. लेकरं उत्तर तोंडात घेऊनच उभी असतात, नामाचं वाक्य संपायच्या आत बोलून मोकळी होतात. मी त्यांना मनात म्हणायला लावते : एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. मग बोल.

पण रेडिओत नुसती शांतता चालत नाही. उद्घोषक असताना दोन-चार सेकंद आवाज गेला तरी माझ्या पोटात गोळा यायचा आणि ड्युटी रूममधून कुणीतरी धावत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यंत्र बिघडलं. म्हणून त्या गप्प जागेला काहीतरी बारीक ऐकू येणारं द्या. आम्ही निम्मी बादली पाणी घेतो, त्यावर ओला टॉवेल धरून हलकेच पिळतो, माईक वीतभर लांब. टप्... टप्... टप्. तिसरा थेंब पडला की अण्णा बोलतात. अण्णांचा आवाज खोल यावा म्हणून मुलगा रिकाम्या पितळी घागरीच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलतो आणि माईक घागरीच्या काठाला तिरपा धरतो. प्लॅस्टिकच्या घागरीत तो घुमारा येत नाही, आम्ही करून बघितलंय.

बाकीचे आवाज तोंडानं काढा. बेनीच्या कार्यक्रमात त्याच्या जुन्या मॅक्सवेल मोटारीचं खोकणं आणि धडपडणं मेल ब्लँक हा कलाकार स्वतःच्या तोंडानं काढायचा. तुमच्यातही एखादा असतोच जो वर्गात म्हशीचा आवाज काढून मार खातो. त्याला शोधा.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमचं नुकसान झालं. तिसऱ्या थेंबाच्या आधीच सभागृह हसलं आणि अण्णा झालेल्या मुलीनं त्या हशातच उत्तर देऊन टाकलं. दोर कुणाचा ते कुणालाच कळलं नाही. ती घरी जाईपर्यंत रडत होती, आणि चूक माझी होती, मी तिला शिकवलंच नव्हतं. समोर प्रेक्षक असले की विठ्ठल मोजणं सोडून द्यायचं आणि हसण्याकडे कान लावायचा. हसू दुधासारखं उतू येतं आणि मग खाली बसायला लागतं. ते निम्मं खाली बसलं की बोलायचं. पूर्ण बसू दिलं तर साय धरते.

वाक्यं वाटताना चांगली वाक्यं अण्णांना देऊ नका. बेनीनं हे मोठ्या मनानं केलं. त्याचा नोकर रॉचेस्टर म्हणजे एडी अँडरसन, त्याची खरी बायको मेरी लिव्हिंग्स्टन, निवेदक डॉन विल्सन, सगळे त्याला टोले मारायचे आणि हशा त्यांना मिळायचा. बेनी फक्त गप्प होऊन ऐकायचा. आपल्याकडे गावचा पुढारी किंवा सरांचा लाडका विद्यार्थी मुख्य पात्र घेतो आणि सगळी टाळीची वाक्यंही घेतो, तिथंच श्रुतिका पडते.

गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते पाहायचं असेल तर लुबित्श यांनी दिग्दर्शित केलेला 1942 चा 'टू बी ऑर नॉट टू बी' हा चित्रपट बघा. बेनी त्यात वॉर्साचा नट आहे. तो हॅम्लेटचं स्वगत सुरू करतो आणि प्रेक्षकांतला एक तरुण उठून चालता होतो. तेवढं दृश्य चार वेळा बघा.

शेवटची तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आजी भाकरी थापत असताना मागच्या खोलीतून तिला ऐकवा. समोर बसवून ऐकवू नका, ती कौतुकानं हसेल. थापण्याचा आवाज जिथं थांबेल तिथं कागदावर खूण करा. विहिरीच्या जागी थापणं थांबलं नाही तर पुन्हा घागर घ्या आणि एक विठ्ठल वाढवा.