मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि खरा वेळ कसा काढायचा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. ती रेघ सहारा वाळवंटावरून जाते आणि अंतर हमखास चुकतं. पृथ्वीगोल घ्या, 30 सेंमी व्यासाचा चालेल. मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरून तो घट्ट ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मॉस्कोजवळून, आइसलँडच्या बाजूने आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी होत तो न्यूयॉर्कला पोचतो. लांबी भरते साधारण साडेएकोणतीस सेंमी. या गोलावर 1 सेंमी म्हणजे सुमारे 425 किमी, म्हणून अंतर साडेबारा हजारांच्या आसपास येतं. नेमका आकडा सुमारे 12,550 किमी.

इंटरनेटवर हेच अंतर 7,800 मैल किंवा जवळजवळ 6,780 सागरी मैल असंही दिसेल. साधा मैल 1.609 किमीचा, सागरी मैल 1.852 किमीचा. दोन्हींची गल्लत झाली तर हिशेबात दीड हजार किमीहून जास्त फरक पडतो.

आता वेळ. विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही. हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो. बालाकोटनंतर 2019 मध्ये पाकिस्तानची हद्द जवळपास पाच महिने बंद होती, तेव्हा उत्तरेकडून जाणारी उड्डाणं बरीच लांबली. म्हणून 13,000 किमी धरा. ताशी 900 किमी वेगाने हे साडेचौदा तास होतात, पण वरच्या थरातला जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, म्हणून वेग 850 धरा. येताना पाठीशी असतो, म्हणून 930. दोन्हींत उड्डाण आणि उतरण्याचा अर्धा तास मिळवा. जाताना पावणेसोळा-सोळा तास, येताना साडेचौदा. वाऱ्यानुसार हे थोडं मागंपुढं होतं.

तिकिटावरचा वेळ तपासायला घड्याळांमधला फरक लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, एरवी साडेदहा. सर्वात जास्त चुका इथेच होतात. तिकिटावर स्थानिक वेळ छापलेली असते, म्हणून जाताना हा फरक मिळवायचा आणि येताना वजा करायचा. समजा जुलैत मुंबईहून रात्री 1:30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 7:45 ला पोचायचं आहे. घड्याळात सव्वासहा तास दिसतात. त्यात साडेनऊ मिळवले की 15 तास 45 मिनिटं. रात्री 1:30 चं विमान असेल तर आदल्या रात्रीच विमानतळावर पोचायचं, ही तारीख आधी नीट वाचा.

दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम 400 किमीच वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा, त्यामुळे तिकिटांची तुलना करताना एकूण तास पाहा.