दहा माणसं जेवायला बोलावताय? या चुका टाळा

सोलापुरात पाहुण्याला जेवू घालायचं म्हणजे गरम भाकरी, आणि गरम भाकरी म्हणजे घरातली एक बाई तव्यापाशी अडकलेली. पाहुणे हॉलमध्ये हसतायत, ती आत घामाघूम. शेवटी सगळे उठल्यावर ती एकटी जेवते. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मेजवान्या इथंच बिघडतात, चव कितीही उत्तम असली तरी. म्हणून बेत ठरवताना आधी एकच गोष्ट विचारा: पानं वाढायच्या आधीच्या अर्ध्या तासात किती काम उरतंय?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळंच आयत्या वेळी करायचं ठेवणं. भाकरी तव्यावर, भजी कढईत, वर पापड तळायचे. दहा माणसांना प्रत्येकी दोन म्हटलं तरी वीस भाकऱ्या झाल्या. त्या थापून, भाजून होईपर्यंत पहिल्याचं जेवण उरकलेलं असतं. याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापलेली आणि मंद आचेवर पार वाळवलेली ही भाकरी कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. बचत गटाच्या बायकांकडून ती आधीच आणून ठेवता येते. ताटात चुरून वर वाफाळती आमटी ओतली की मऊ भाकरीची आठवणही येत नाही. आजोबांना दातांमुळे मऊ हवी असेल तर त्यांच्यापुरत्या दोन करा, सगळ्यांसाठी नको.

शेंगाची चटणी आदल्या आठवड्यात कुटली तरी चालते. शेंगापोळी आदल्या दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते. भरली वांगी दुपारी करून निवली की फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी मंद आचेवर चांगली गरम करा, मसाला आत मुरतो. वाढायच्या वेळी राहतात ती फक्त तीन कामं: आमटीला उकळी, भाताचा कुकर, कांदा-लिंबू चिरणं. एवढंच असेल तर यजमानीणही पंगतीला बसू शकते, आणि माझ्या मते तिनं बसलंच पाहिजे.

दुसरी चूक, न विचारता बेत ठरवणं. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू घरं असतात. कुणी मटणाशिवाय मेजवानी मानत नाही, कुणी लिंगायत किंवा जैन घरातून आलेला अंडंही खात नाही, कुणी श्रावण पाळतो, कुणाचा गुरुवार असतो. आमंत्रण देतानाच सरळ विचारा, "काही वर्ज्य आहे का?" यात संकोच कसला? मटण करणार असाल तर शाकाहारी भाजीचं पातेलं आणि पळी वेगळीच ठेवा आणि तसं पाहुण्याला सांगाही, म्हणजे तो निर्धास्त जेवेल.

पाण्याचं गणित चुकवू नका. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाणी येण्याच्या दिवसाला किंवा दुसऱ्या दिवशी जेवण ठेवलं की भांड्यांची चिंता मिटते. गॅसची टाकीही आदल्या दिवशी हलवून बघा.

भाकरी आहे म्हटल्यावर दहा जणांना पाऊण किलो तांदूळ पुरतो. लोक दीड किलो शिजवतात आणि मग भात पातेलंभर उरतो.

ऐन वेळी बिघडलं तर

आमटी खारट झाली की बटाटा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. बटाटा थोडं खारट पाणी शोषतो, पण उरलेल्या आमटीतला खारटपणा तेवढाच राहतो. खरा उपाय म्हणजे प्रमाण वाढवणं. बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा गरम पाणी घाला आणि दाण्याचं कूट टाकून दाटपणा परत आणा. म्हणूनच थोडी डाळ बिनमिठाची बाजूला काढून ठेवायची सवय चांगली. फार तिखट झाली तर तेच कूट, आणि पानात दही वाढा. पातळ झाली तर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) थंड पाण्यात कालवून घाला. थेट टाकलं तर गुठळ्या होतात.

भात खाली लागला तर ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, तळाला हात लावू नका. ढवळलं की जळका वास सगळ्या भातात पसरतो.

ठरल्यापेक्षा चार माणसं जास्त आली? आमटी वाढवता येते, कडक भाकरीचा डबा आहेच. म्हणूनच बेतात एक तरी पातळ पदार्थ हवा. पाहुणे तासभर उशिरा आले तर मुलांना आधी वाढून घ्या. मोठ्यांपुढे ताक आणि चिरमुरे ठेवा. भजी तळायला घेऊ नका, पोट भरतं आणि जेवण राहतं.

आता उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा दिवसांत पंगत गच्चीवर सतरंज्या टाकून घ्या, पण दिवे गेले तर म्हणून चार्जिंगचा कंदील जवळ असू द्या. दही आणि कोशिंबीर अगदी वाढायच्या वेळीच फ्रीजमधून काढा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि इतक्या उकाड्यात तासाभरावर नाही. उरलेला भात गप्पा संपायची वाट न पाहता पसरट ताटात काढून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका. त्यात वाढलेल्या जिवाणूंचं विष परतल्यानं जात नाही.