पोपट फुगून बसलाय? पक्ष्याच्या आजारपणात या चुका टाळा

पिंजऱ्यातल्या पोपटाचं आजारपण बहुतेक घरांत एकाच वाक्याने सुरू होतं: "आज जरा गप्प आहे, उद्या बघू." कुत्र्या-मांजराच्या बाबतीत ते 'उद्या' कधीकधी चालून जातं, पक्ष्याच्या बाबतीत फार महाग पडतं. रानात जो पक्षी दुबळा दिसतो त्यालाच ससाणा आधी हेरतो, म्हणून शक्य तितका वेळ ठणठणीत दिसत राहायचं हे त्यांच्या रक्तातच असतं. घरात जन्मलेला कॉकाटील किंवा बजरीगर (दोन्ही लहान परदेशी पोपट) हेच करतो. तुम्ही जवळ गेलात की सावरून बसतो, पिसं चापून घेतो, दाणा उचलतो. तुम्ही वळलात की पुन्हा मलूल. त्यामुळे आजार तुमच्या नजरेला पडतो तेव्हा तो सुरू होऊन बरेच दिवस झालेले असू शकतात.

म्हणूनच शंका आली की दुरून बघा. दाराआडून पाच-दहा मिनिटं, किंवा मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ घ्या आणि खोलीबाहेर जा. निरोगी पक्षी दुपारी डुलकी काढतो तेव्हा बहुतेकदा एक पाय पोटाशी घेतो आणि जाग आली की लगेच तरतरीत होतो. दोन्ही पायांवर, पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून तासन् तास बसलेला पक्षी थंडीने फुगलेला आहे असं समजू नका, विशेषतः मे महिन्यात. दांडी सोडून तळाशी येऊन बसला असेल, तर सकाळची वाट बघण्याची वेळ टळून गेली आहे.

"खातोय की!"

ही फसगत फार घरांत होते. वाटीत दिसतात ती बऱ्याचदा नुसती टरफलं असतात. राळे, बाजरी, सूर्यफूल, काहीही असो, पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. उलटंही घडतं: आजारी पक्षी दाणे फोडतो, चोचीत घोळवतो आणि गिळत नाही, आपल्याला मात्र तो जेवतोय असं वाटतं. रोज वाटीवर फुंकर मारून टरफलं उडवा आणि खाली काय उरतं ते बघा. बजरीगरएवढा लहान जीव एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तरी धोक्यात येतो.

खाण्यापेक्षाही खात्रीची गोष्ट म्हणजे वजन, आणि आपल्याकडे पक्षी पाळणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ते करतात याचं मला खरंच वाईट वाटतं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर छोटी दांडी किंवा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, आवडीचा दाणा दाखवा, पक्षी आपणहून चढतो. वेळ सकाळची, पहिली मोठी शी झाल्यावर आणि खाण्याआधीची. पक्षी बरा असताना आठवड्यातून एकदा, आजारी असताना रोज, आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा, कॉकाटील 80 ते 110 च्या आसपास. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. त्यात दहा टक्के घट झाली तर ती गंभीर आहे. 35 ग्रॅमच्या बजरीगरात ही घट साडेतीन ग्रॅमची! पिसांच्या फुगाऱ्याखाली ती डोळ्याला दिसतच नाही. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना भरीव मांस हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत असेल तर पक्षी खूप वाळलेला आहे.

बजरीगर पाळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही पक्षी दिवसभर वाटीवर असतात, वखवखल्यासारखे खातात आणि तरी वाळत जातात, शीमध्ये अख्खे दाणे दिसतात. जठरातल्या एका बुरशीने हे होऊ शकतं. त्यावर जिवाणूनाशक गोळ्या कामाच्या नाहीत, बुरशीवरचं वेगळं औषध लागतं.

पिंजऱ्याच्या तळाशी भुसा घालू नका

भुसा, वाळू किंवा लाकडाचा चुरा घातला की शी त्यात मुरते आणि आजाराची सगळ्यात स्वस्त तपासणी हातची जाते. साधा पांढरा कागद घाला, रोज बदला, आणि टाकण्याआधी क्षणभर बघा.

पोपटाच्या शीमध्ये तीन गोष्टी असतात. हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, त्यावर पांढरा भाग, आणि भोवती पाण्यासारखं मूत्र. काकडी, कलिंगड, संत्रं खाल्लं की पाणी वाढतं. लोक त्याला जुलाब म्हणतात, पण घट्ट भागाचा आकार शाबूत असेल तर ते जुलाब नव्हेत. फळ बंद करून काही तासांत फरक पडला तर काळजी नको. फळ न देताही कागद दिवसभर ओला होत असेल, तर मूत्रपिंडापासून मधुमेहापर्यंत अनेक कारणं निघू शकतात. बीट किंवा लाल ड्रॅगनफ्रूट दिल्यावर लाल रंग दिसणारच, तेव्हा घाबरण्याआधी काल काय खायला घातलं ते आठवा.

काळजीची चिन्हं वेगळी आहेत. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा होणं हे यकृताचं दुखणं असू शकतं. डांबरासारखी काळी शी म्हणजे पोटात वरच्या भागात रक्तस्राव झाला असण्याची शक्यता. गडद हिरवी, चिकट, अगदी थोडी शी म्हणजे पोटात अन्नच नाही, नुसतं पित्त उतरतंय. आणि शेपटीखालची पिसं शीने चिकटलेली असतील तर नुसती धुऊन मोकळे होऊ नका, ती का चिकटली ते शोधा.

श्वास आणि शेपटी

शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत असेल, चोच उघडी असेल, आवाज बसला असेल किंवा श्वासात टिकटिक येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. हे एक लक्षण मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवते. उडून आल्यावर किंवा उकाड्यात मिनिटभर धाप लागणं वेगळं, बसल्या जागी धाप लागणं वेगळं.

पक्ष्याची श्वसनव्यवस्था हवेतला प्राणवायू फार कार्यक्षमतेने ओढून घेते, म्हणून हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने आत जातं. रिकामा नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर विसरला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माणसाला वासही येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून ठेवणं ही म्हणूनच मोठी चूक. डासांची अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, फवारण्याची कीटकनाशकं, ताजा रंग, दिवाळीतला फटाक्यांचा धूर हेही त्याच पंगतीतले. देवापुढे उदबत्ती लावायची असेल तर पक्षी दुसऱ्या खोलीत, दार बंद आणि खिडकी उघडी.

घरगुती औषधांचं कपाट बंद ठेवा

बहुतेक पक्षी इथे हातचे जातात, आणि तेही प्रेमापोटी. ब्रँडीचे दोन थेंब, नाकाला बाम, अंगाला खोबरेल, पाण्यात कोंबड्यांची टेट्रासायक्लिन पावडर, लहान मुलांचं पॅरासिटामॉल. कोणी तरी सांगितलेलं असतं आणि हेतू चांगलाच असतो. पण पस्तीस ग्रॅमच्या जिवाला दोन थेंबही मोठा डोस होतो. तेलाने पिसं चिकटली की अंगाची ऊब राखायची शक्ती जाते, आणि पक्षी ते तेल चोचीने साफ करता करता पोटात घेतो. पाण्यातल्या औषधाची अडचण आणखी वेगळी आहे. आजारी पक्षी आधीच पाणी कमी पितो, चव बदलली की पिणंच सोडतो. औषध किती गेलं ते कळत नाही आणि पुढे डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत खरा जिवाणूही सापडेनासा होतो.

चोचीच्या मुळाशी किंवा पायावर मधमाशीच्या पोळ्यासारखी खरखरीत पांढरी पुटं दिसली तर तो सहसा एका सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो, बजरीगरात जास्त. पुटं खरवडू नका. डॉक्टरांनी वजनानुसार दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या मोजक्या मात्रांत तो बरा होतो.

चोच उघडून पाणी किंवा पेज ओतण्याचा मोहही टाळा. पोपटाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. धडपडणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसाकडे जाऊ शकतं. जो स्वतः डोकं धरू शकत नाही त्याला तोंडाने काहीच देऊ नये. जरा हुशार असेल तर राळ्याचं कणीस, भिजवलेले मऊ दाणे आणि पाणी अगदी तोंडाजवळ ठेवा, म्हणजे त्याला वाटीपर्यंत चढावं लागणार नाही.

मग घरी करायचं काय?

ऊब द्यायची. पक्ष्याच्या शरीराचं तापमान 40 ते 42 अंशांच्या घरात असतं आणि ते राखण्यात आजारी पक्ष्याची सगळी शक्ती खर्च होते. पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाका, एका टोकाला बाहेरून चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावा किंवा टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा. चादर बल्बला लागू देऊ नका. आत थर्मामीटर ठेवून साधारण 29-30 अंश राखा. दुसरं टोक गार राहू द्या, म्हणजे नको झालं की तो सरकू शकेल. चोच उघडून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली. दांड्या खाली घ्या, खोलीत शांतता ठेवा आणि मुलांना सारखं बघायला जाऊ देऊ नका.

उष्माघात झालेल्या किंवा छताच्या पंख्याला धडकून डोक्याला मार लागलेल्या पक्ष्याला मात्र अशी ऊब देऊ नये. त्याला गडद, शांत, हवेशीर खोक्यात ठेवून थेट दवाखाना गाठा. मांजराने नुसता दात किंवा नख लावलं असेल, वर जखम दिसत नसेल, तरीही काही तासांत प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. मांजराच्या तोंडातले जिवाणू पक्ष्याच्या रक्तात गेले की दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मिळत नाही. नख किंवा पीस तुटून रक्त वाहत असेल तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने दाबून धरा. बजरीगरच्या अंगात सगळं मिळून तीन-साडेतीन मिलिलिटर रक्त असतं, त्यामुळे कागदावर पडणारे थेंबही मोजायचे.

"आमचा नर आहे" म्हणून एक आणीबाणी नेहमी हुकते. नर समजून आणलेले कितीतरी पक्षी माद्या निघतात आणि मादी जोडीदाराविना एकटीही अंडी घालते. ती तळाशी पाय फाकवून बसली, शेपटी हलवत कुंथत असेल, पोट फुगलं असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या, कॅल्शियम कमी पडलेल्या मादीत हे जास्त होतं. पोट दाबू नका, तेल सोडू नका. आत अंडं फुटलं तर जीव जातो. ऊब द्या आणि काही तासांत डॉक्टरांकडे पोहोचा.

दवाखान्यात जाताना

पक्षी आजारी पडल्यावर डॉक्टर शोधू नका. आजच फोन करून "पक्षी तपासता का?" हे विचारून नंबर लिहून ठेवा, कारण अनेक पशुवैद्यांचं काम कुत्रे, मांजरं आणि गुरं यांच्यापुरतं असतं. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या गावी कोणी मिळालं नाही तर तिथे फोन करून विचारता येतं.

जाण्याआधी पिंजरा घासूनपुसून चकचकीत करतात, ती चूक करू नका. त्या दिवसाचा कागद, वजनाची नोंद, दुरून घेतलेला व्हिडिओ आणि देत असलेल्या खाण्याचा नमुना सोबत न्या. गुपचूप काही औषध दिलं असेल तर तेही सांगा.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. कंठवाला हिरवा पोपट, पहाडी, टोई हे आपले देशी पोपट घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि तरी कितीतरी वाड्या-चाळींत ते अजून आहेत. कारवाईच्या भीतीने उपचारच टाळले जातात आणि पक्षी तडफडून मरतो. असं करू नका. बाल्कनीत पडलेला जखमी पोपट असो की वर्षानुवर्षं घरात असलेला, महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

बरा वाटला म्हणून औषध थांबवू नका

दोन-तीन दिवसांत पक्षी बोलायला लागतो आणि बाटली कपाटात जाते. पोपटांना होणाऱ्या सिटॅकोसिस या जिवाणूजन्य आजारात डॉक्सिसायक्लिन साधारण 45 दिवस द्यावं लागतं. मध्येच सोडलं तर पक्षी बरा दिसतो आणि जिवाणू पसरवत राहतो. घरात दुसरे पक्षी असतील तर आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा. नवा पक्षी आणला तरी किमान महिनाभर तो जुन्यांपासून लांबच राहू द्या.

हाच सिटॅकोसिस माणसालाही होतो. पिंजऱ्यातली सुकलेली शी झाडताना उडणारी धूळ श्वासात गेली की पुरे, म्हणून कागद आधी पाण्याने ओला करा, मास्क लावा, हात साबणाने धुवा. आणि पक्षी आजारी असताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत घरात कोणाला ताप, कोरडा खोकला, खूप डोकेदुखी सुरू झाली, तर आपल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की घरात पोपट आहे. त्यांना तो प्रश्न सुचेलच असं नाही, आणि औषधाची निवड त्यावर ठरते.