मोगल बादशहांचा अभ्यास सुरू करताय? आधी नावं आणि तारखा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी एका टिपणात मी लिहिलं होतं, "हा प्रसंग खुल्द-मकान येथे घडला असावा." फारसी शिकवणाऱ्या सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "अगं, खुल्द-मकान हे गाव नाही. तो माणूस आहे. औरंगजेब."

खुल्द म्हणजे स्वर्ग, मकान म्हणजे राहायची जागा. स्वर्गवासी. मोगल दरबारात बादशहा वारला की लिहिणारे त्याचं नाव टाळायचे आणि मरणोत्तर किताबानं त्याचा उल्लेख करायचे. बाबर फिर्दौस-मकानी, हुमायून जन्नत-आशियानी, अकबर अर्श-आशियानी, जहांगीर जन्नत-मकानी, शाहजहान फिर्दौस-आशियानी. हे कुणी सांगितलेलं नसेल तर फारसी साधनाचा अनुवादसुद्धा नीट वाचता येत नाही. आणि गंमत नव्हे, खरी अडचण अशी की औरंगजेब खुल्द-मकान, तर त्याचा मुलगा बहादूरशहा खुल्द-मंजिल. एक शब्द चुकला की बापाचा हुकूम मुलाच्या नावावर जातो. बायकांच्या बाबतीतही तेच. मरियम-मकानी म्हणजे अकबराची आई हमीदाबानू, आणि मरियम-उज्-जमानी म्हणजे अकबराची बायको, जहांगीरची आई. मी त्या वर्षी दोघींनाही एकच समजत होते.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: या विषयात शिरताना कोणता बादशहा चांगला, कोणता वाईट, इथून सुरुवात करू नका. नाव कोणाचं आणि तारीख कोणती, हे आधी पक्कं करा. मतं तुमच्याकडे आधीपासून असतीलच, माझ्याकडेही होती. पण चुकीच्या नावावर आणि चुकीच्या वर्षावर उभं केलेलं मत पहिल्याच अस्सल कागदापुढे कोसळतं.

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक बादशहाला दोन पानं द्या. शहजादा असतानाचं नाव, गादीवरचं नाव, मरणोत्तर किताब, गादीवर बसल्याची हिजरी तारीख. सलीमचा जहांगीर झाला, खुर्रमचा शाहजहान, हे शाळेत येतं. मुअज्जमचं जरा अवघड आहे. औरंगजेबाच्या काळातल्या कागदात 'शाहआलम' दिसला तर तो हा शहजादा मुअज्जम, जो पुढे बहादूरशहा झाला. महादजी शिंद्यांच्या काळातल्या कागदात 'शाहआलम' दिसला तर तो दिल्लीचा बादशहा, ज्याला १७७२ मध्ये मराठ्यांनी अलाहाबादहून आणून पुन्हा दिल्लीच्या गादीवर बसवलं आणि १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं ज्याचे डोळे काढले. वहीच्या पहिल्या पानावर आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. हे घराणं स्वतःला मोगल म्हणवून घेत नव्हतं. ते स्वतःला तैमूरचे वंशज, गुरकानी म्हणत. गुरकान म्हणजे जावई, कारण तैमूरनं चंगेजखानाच्या घराण्यात लग्न केलं होतं. बाबरनं तर तुर्की भाषेतल्या आपल्या आठवणींत मोगल टोळ्यांबद्दल बरंच कडवट लिहिलंय.

आता तारखा. शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारात गेले ती तारीख आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते, १२ मे १६६६. औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा तो दरबार होता. पण औरंगजेबाचा जन्म नोव्हेंबर १६१८ चा, दोहदचा. मग १६६६ मध्ये पन्नासावा कसा? मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा छपाईची चूक समजून पुढे गेले होते. चूक नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण ३५४ दिवसांचं. जिल्काद हा हिजरी वर्षाचा अकरावा महिना. जन्म जिल्काद १०२७ चा, दरबार जिल्काद १०७६ चा; एकोणपन्नास चांद्र वर्षं पुरी होऊन पन्नासावं लागत होतं. आपल्या हिशेबानं मात्र त्याचं वय साडेसत्तेचाळीसच होतं. सौर बत्तीस वर्षांत हिजरी तेहतीस होतात, हे एकदा डोक्यात बसलं की अशा बऱ्याच गाठी सुटतात.

दुसरी गाठ. औरंगजेब गेला ती तारीख एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७ असते, दुसऱ्यात ३ मार्च १७०७. स्पर्धापरीक्षेची मुलं यावरून वाद घालताना मी ऐकलीत. दोन्ही बरोबर आहेत. पहिली जुन्या, ज्युलियन पंचांगाची, दुसरी आजच्या ग्रेगोरियन पंचांगाची. त्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचा फरक होता. इंग्रजांनी जुनं पंचांग १७५२ मध्ये सोडलं, त्यामुळे त्यांच्या पद्धतीनं लिहिलेल्या जुन्या ग्रंथांत जुनी तारीख येते. म्हणून आधी हिजरी तारीख लिहा, २८ जिल्काद १११८. ती बदलत नाही. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्रीची घटना असेल तर एका दिवसाचा फरक पडतो, तोही लक्षात ठेवा.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक वेगळा धोका आहे. आपल्या जुन्या कागदांत शुहूर सन नावाची वेगळी कालगणना असते आणि ती अरबी अंकशब्दांत लिहिलेली असते. 'सलास सबैन अलफ', म्हणजे तीन, सत्तर, हजार, म्हणजे १०७३. शुहूरमध्ये ५९९ मिळवले की इसवी सन १६७२-७३ येतो. पण तोच १०७३ जर हिजरी असेल तर साल येतं १६६२-६३. आकडा एकच, अंतर दहा वर्षांचं. कागद कोणत्या दफ्तरातला आहे हे पाहिल्याशिवाय गणित करू नका.

आता नाणं. मला हा विषय खऱ्या अर्थानं कळायला लागला तो एका चांदीच्या रुपयामुळे. साधारण साडेअकरा ग्रॅमचा तुकडा, कडेची निम्मी अक्षरं कापलेली, कारण ठसा मोठा असायचा आणि नाणं लहान. सरांनी भिंग हातात दिलं आणि म्हणाले, "आधी 'बद्र' शोध." औरंगजेबाच्या रुपयावर एक फारसी शेर असतो:

सिक्का जद दर जहाँ चू बद्र-ए-मुनीर
शाह औरंगजेब-ए-आलमगीर

तेजस्वी पूर्णचंद्रासारखा शिक्का शाह औरंगजेब आलमगीरानं जगात पाडला, असा अर्थ. आणि सोन्याच्या मोहरेवर 'बद्र' नसतो, तिथे 'मेहर' असतो, म्हणजे सूर्य. चांदीला चंद्र, सोन्याला सूर्य. हे कळलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. त्याआधीच्या बादशहांच्या पुष्कळ नाण्यांवर कलमा असे. नाणं कुणाच्याही हाती पडतं, पायाखाली येतं, तिथे पवित्र शब्द नकोत म्हणून औरंगजेबानं तो काढायला लावला.

नाण्याच्या एका बाजूला हिजरी वर्ष असतं, दुसऱ्या बाजूला जुलूस, म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. औरंगजेबाचा जुलूस १ रमजान १०६८ पासून मोजतात. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. त्यामुळे हिजरी वर्षाचे पहिले आठ महिने एका जुलूसात पडतात, शेवटचे चार पुढच्या. नाण्यावर १११८ आणि ५० असेल तर ते रमजानच्या आधीचं. १११८ आणि ५१ असेल तर ते वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांतलं, म्हणजे औरंगजेब अहमदनगरजवळ अखेरचा आजारी होता त्या दिवसांच्या आसपास पाडलेलं. दोन आकड्यांवरून चार महिन्यांपर्यंत पोचता येतं. टांकसाळीचं नाव वाचता आलं तर जागाही कळते. 'खुजिस्ता बुनियाद' दिसलं तर ती औरंगाबादची टांकसाळ, आजचं छत्रपती संभाजीनगर.

हे सगळं नेहमीच इतकं सरळ जात नाही. पहिल्या वर्षाला आकडा घालत नाहीत, 'अहद' लिहितात. आणि १७१९ साली, हिजरी ११३१ मध्ये, दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी बादशहा फर्रुखसियरला काढल्यावर एकापाठोपाठ एक तीन बादशहा गादीवर आले: रफी-उद्-दरजात, रफी-उद्-दौला, मग महंमदशहा. तिघांच्याही नाण्यांवर ११३१ आणि अहद सापडतं. तिथे नावच वाचावं लागतं. बाळाजी विश्वनाथांनी त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीत चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या. तेव्हा गादीवर रफी-उद्-दरजात होता. या बादशहाला पाठ्यपुस्तकात अर्धी ओळही मिळत नाही.

कवींनी मृत्यूचं वर्ष शब्दांत गुंफण्याची तऱ्हाही शिकून घ्या. दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून हुमायून वारला. त्यावर ओळ आहे, 'हुमायून पादशाह अज बाम उफ्ताद', हुमायून बादशहा गच्चीवरून पडला. फारसी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. हुमायून ११२, पादशाह ३१३, अज ८, बाम ४३, उफ्ताद ४८६. बेरीज ९६२. प्रत्यक्षात तो गेला हिजरी ९६३ मध्ये, जानेवारी १५५६ ला. म्हणजे ओळ सुंदर आहे आणि एका वर्षानं कमी आहे. मी ही बेरीज तीनदा केली होती, माझंच चुकतंय असं वाटून.

फारसी शिकायलाच हवी का, असं सगळे विचारतात. हो, शिकायला हवी, आणि मराठी माणसाला ती वाटते तितकी परकी नाही. अर्ज, हुकूम, मजकूर, तारीख, दफ्तर, वकील, फिर्याद, जमीन, हवालदार हे सगळे शब्द घरात बोलत आपण मोठे झालो. फडणवीस आडनावातला 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हे शब्द आपल्या कारभारात इतके भिनले होते की शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दोन वर्षांत छापील फारसी वाचता येते. हाताची शिकस्ता लिपी मात्र वेगळं प्रकरण आहे. नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, गाळलेले, अक्षरं एकात एक गुंतलेली. तिला रोजचा तास द्यावा लागतो, आणि शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं. तोवर सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणलेल्या फारसी साधनांवर भरवसा ठेवून वाचत राहा.

वाचताना कोण कुणासाठी लिहितोय हे विचारा. अबुल फजल अकबरासाठी लिहीत होता, बदायुनी अकबराच्या दरबारात राहून गुपचूप लिहीत होता; एकाच बैठकीची हकिगत दोघांकडे दोन रंगांची मिळते. जहांगीरनं चितारी अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात तो मलिक अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधी लागलाच नाही. तो १६२६ मध्ये म्हातारपणी वारला, आणि मोगलांच्याच बखरकारानं, मुतमदखानानं, त्याच्या युद्धकौशल्याची मनापासून स्तुती लिहून ठेवली. चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून पाहा.

नोकरीचं थोडक्यात सांगते. फारसी येणारे इतिहासाचे विद्यार्थी कमी आहेत, म्हणून काम मिळतं, पण लगेच मिळत नाही. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला फारसी हा स्वतंत्र विषय आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरात आहे. संग्रहालयं, अभिलेखागारं, हस्तलिखितांच्या सूची करण्याची कामं असतात. पहिली दोन-तीन वर्षं कंत्राटी मानधनावरच जातात. माझीही गेली. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. हैदराबादच्या अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे कागद आहेत. त्यातले 'अर्ज-ओ-चेहरा' जरूर पाहा. शिपायाचं नाव, बापाचं नाव, वर्ण, कपाळ, भुवया, तीळ, व्रण; मग घोड्याचा रंग आणि त्यावरचा डाग. खोटी हजेरी लागू नये म्हणून हे सगळं लिहीत. आपल्या चेहरेपट्टीतला चेहरा तो हाच.

मी साताऱ्याची. घरी पहिला प्रश्न होता, "औरंग्याचा अभ्यास कशाला?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. पुढे औरंगजेबाच्या छावणीत वावरलेल्या भीमसेन सक्सेनानं लिहिलेलं वाचलं: दख्खनचा पाऊस, चिखल, धान्याची टंचाई, संपतच नाहीत असे वेढे. साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग उडवले. दुसऱ्या सुरुंगानं तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि त्यांचेच सैनिक ढिगाऱ्याखाली गेले. आत प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. हे तपशील शत्रूच्या छावणीतल्या लोकांनीच लिहून ठेवलेत. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडल्यावर त्याचं नाव शहजाद्यावरून 'आझमतारा' झालं, जसं सिंहगडाचं 'बक्षिंदाबक्ष' झालं. त्यानंतरच्या फारसी कागदांत सातारा शोधून सापडत नाही, आझमतारा शोधावा लागतो.

माझ्या वहीत त्या पानावर वर लिहिलंय, जिल्काद ११११. वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांतला, म्हणून जुलूस ४४. वर दिलेल्या रीतीनं तुम्हीही करून पाहा.